मुंबईच्या जमिनीखालचे पाणी कोण मोजते?

पाणवठा (धागाकर्ता)

मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांत आज किती टक्के साठा आहे, हे जून-जुलैत रोज वर्तमानपत्रांत छापून येते. तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा ही नावे आपल्याला तोंडपाठ असतात, आणि या सर्वांत मिळून सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर पाणी मावते हेही अनेकांना ठाऊक असते. मात्र एप्रिल-मे महिन्यांत गृहनिर्माण संस्थेच्या दारात जो खासगी टँकर येऊन उभा राहतो, त्यातले पाणी बहुतेक वेळा या सातांपैकी कोणत्याही जलाशयातले नसते. ते उपनगरातल्या एखाद्या विहिरीतून किंवा कूपनलिकेतून उपसलेले असते. त्या विहिरीची पातळी गेल्या मे महिन्यात किती होती आणि यंदा किती आहे, असे विचारले तर उत्तर देणारा माणूस सापडत नाही. ज्या साठ्यावर शहराचा एवढा मोठा भाग उन्हाळा काढतो त्याची मोजदादच होत नाही, ही गोष्ट मला अत्यंत काळजीची वाटते. हा धागा त्यासाठीच काढला आहे.

विहार तलाव १८६० साली पूर्ण झाला. त्यापूर्वी मुंबई बेटाची तहान विहिरी आणि तळी भागवत होती. धोबी तलाव, गवालिया टँक, सी. पी. टँक, दोन टाकी ही आज केवळ पत्त्यात लिहिण्याची नावे उरली आहेत. तळी केव्हाच बुजली. तुळशी (१८७९) आणि तानसा (१८९२) यांचे पाणी आल्यावर विहिरींची गरज कमी झाली, आणि १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाच्या कारणांविषयी अहवाल दिल्यानंतर डासांची पैदास थांबवण्यासाठी शहरातल्या पुष्कळ विहिरी झाकल्या किंवा बुजवल्या गेल्या. हिवतापाने माणसे दगावत असताना घेतलेल्या त्या निर्णयाला आज दोष देणे योग्य नाही. पण त्यानंतर भूजल शहराच्या हिशेबातून जे निघून गेले, ते टँकरच्या रूपाने परत आले तरी हिशेबात मात्र परतले नाही. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव आणि चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असूनही अजून गोड पाणी देत आहेत, यावरून या बेटाच्या पोटात काय होते याची थोडी कल्पना यावी.

आपल्याकडे सर्वांत मोठा गैरसमज असा आहे की एवढा पाऊस पडतो त्याअर्थी जमिनीत पाणी भरपूर असणारच. सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो हे खरे आहे, परंतु मुंबईच्या पायाखाली बहुतांशी काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. या खडकाला स्वतःची अशी सच्छिद्रता फारशी नसते. पाणी राहते ते त्याच्या भेगांत, सांध्यांत आणि वरच्या कुजलेल्या थरात, ज्याला आपण मुरूम म्हणतो. अशा खडकातून उपसून मिळू शकणारे पाणी त्याच्या घनफळाच्या सुमारे दोन टक्के धरले जाते. याचा अर्थ असा की विहिरीची पातळी एक मीटरने वाढली तर त्या परिसरात जेमतेम वीस मिलिमीटर पाणी साठले. उलट बाजूने पाहिले तर अवघे शंभर मिलिमीटर पाणी मुरले तरी पातळी पाच मीटर वर येते. म्हणूनच आपल्या विहिरी जुलैत काठोकाठ भरतात, आणि म्हणूनच त्या भरलेल्या पाहून साठा अफाट आहे असे वाटते. जी विहीर थोड्या पाण्याने भरते ती थोड्याच उपशाने रिकामीही होते.

मुंबई आणि एकूण कोकण किनाऱ्यावरच्या सदस्यांनी आपापल्या भागातील विहिरींचा अनुभव येथे लिहावा अशी विनंती आहे.

---

सडा

रत्नागिरी जिल्ह्यातून लिहीत आहे. पाणवठा यांनी बेसाल्टविषयी लिहिले आहे तसेच दुखणे आमच्याकडे जांभ्याचे आहे, फक्त कारण उलटे आहे. काळ्या पाषाणात पाणी शिरत नाही, तर जांभ्यात ते शिरते आणि थांबत नाही. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, पडलेला पाऊस जांभ्याच्या भोकांतून भराभर खाली उतरतो, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतो आणि त्या थराच्या उताराने सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. दिवाळीपर्यंत पऱ्हे (लहान ओढे) खळखळत असतात, संक्रांतीला त्यांचा आवाज मंदावतो आणि शिमग्याला पाण्याची घागर घेऊन बायका सड्याखालच्या पाणवठ्याच्या वाटेला लागतात. एवढा पाऊस झेलणाऱ्या गावांना मार्च-एप्रिलमध्ये शासनाचा टँकर लागतो हे घाटमाथ्यापलीकडच्या माणसाला सांगूनही खरे वाटत नाही.

येथे मला सरकारी वर्गवारीविषयी काही सांगायचे आहे. भूजलाच्या मूल्यांकनात वर्षभरातला उपसा हा वर्षभरातल्या उपलब्ध पुनर्भरणाच्या (जमिनीत नव्याने मुरणाऱ्या पाण्याच्या) सत्तर टक्क्यांपर्यंत असेल तर तो भाग ‘सुरक्षित’ ठरतो. कोकणातले तालुके या निकषावर बहुतेक सुरक्षितच निघतात, कारण पुनर्भरण प्रचंड आणि शेतीचा उपसा तुलनेने कमी. पण आमचे पाणी कोणी उपसून संपवत नाही, ते आपल्या पायांनी समुद्राला जाऊन मिळते. वर्षाच्या सरासरीत सुरक्षित असलेल्या तालुक्यातली वाडी मे महिन्यात कोरडी असते आणि कागदावर ती कोठेच दिसत नाही. शहराचे भूजल मोजायचे असेल तर ही चूक तेथे होऊ देऊ नये. वार्षिक सरासरी काढू नका, मे महिन्याचा आकडा काढा.

आमच्याकडे पावसाळा संपता संपता सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यांवर वनराई बंधारे घालतात. गावकरी एका दिवसात श्रमदानाने ते उभे करतात आणि त्या ओढ्याकाठच्या विहिरींना त्याचा फायदा काही आठवडे पुढे मिळतो. काही ठिकाणी जुन्या चिरेखाणींत पाणी साठवले जाते. हे उपाय लहान आहेत, परंतु त्यांचा रोख बरोबर आहे: पाणी आणायचे नाही, जाणारे पाणी अडवायचे.

---

गच्ची

मी मुंबईच्या पश्चिम उपनगरात राहते आणि आमच्या संस्थेच्या पाण्याचा कारभार पाहते. सडा यांनी लिहिलेले वाचून आमच्या गच्चीवरच्या पावसाचा हिशेब मांडावासा वाटला, कारण पर्जन्यजल संधारणाविषयी बोलताना एक तर फार मोठी स्वप्ने दाखवली जातात किंवा ते निरुपयोगी म्हणून सोडून दिले जाते.

पाचशे चौरस मीटरची गच्ची आणि २,२०० मिलिमीटर पाऊस धरला, त्यातले वीस टक्के पाणी पहिल्या धुवणीत, बाष्पीभवनात आणि उतू जाण्यात गेले असे मानले, तरी वर्षाला ८ लाख ८० हजार लिटर पाणी मिळते. दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत हे ८८ टँकर झाले. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. आता दुसरी बाजू पाहा. ऐंशी सदनिका, प्रत्येक घरात चार माणसे आणि माणशी १३५ लिटर या मानाने संस्थेला दिवसाला ४३,२०० लिटर पाणी लागते. म्हणजे संपूर्ण वर्षाचा गच्चीवरचा पाऊस जेमतेम वीस दिवसांची पूर्ण गरज भागवेल. त्याने तलावाच्या पाण्याची जागा घेतली जाणार नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. परंतु शौचालयाच्या टाक्या, गाड्या, जिने आणि बाग यांसाठी जे पाणी लागते तेवढ्यापुरते पाहिले तर हेच पाणी दोन महिने पुरते, आणि संस्थेला टँकर लागतात तेही साधारण तेवढेच दिवस.

मुंबईत २००२ पासून एक हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामांना पर्जन्यजल संधारण सक्तीचे झाले आणि २००७ मध्ये ती मर्यादा तीनशे चौरस मीटरपर्यंत खाली आणली गेली. सक्तीला दोन दशके उलटून गेली, तरी भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत दाखवायचा एक खड्डा यापलीकडे अनेक इमारतींत काही नसते. आमच्या खड्ड्याचे झाकण उघडले तेव्हा आत सिमेंटचा गाळ, प्लास्टिकच्या पिशव्या आणि रंगाचे डबे भरलेले होते. गच्चीवरून येणारा नळ त्या खड्ड्यापर्यंत पोहोचतच नव्हता, तो थेट पावसाळी गटारात सोडलेला होता. गाळ काढून, नळ वळवून, मोठी खडी, बारीक खडी आणि वाळू असे थर नव्याने भरल्यावर खड्डा पाणी घेऊ लागला. यातले कोणतेही काम अवघड नव्हते. दरवर्षी मे महिन्यात वरची वाळू काढून धुवायची आणि पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी खड्ड्यात न सोडता बाहेर काढायचे, एवढी शिस्त मात्र पाळावी लागते, कारण पहिल्या सरीत गच्चीवरची कबुतरांची घाण उतरते.

विहिरीसाठी महापालिकेच्या कीटकनाशक विभागाच्या अटीही पाळाव्या लागतात. झाकण घट्ट हवे. उघड्या विहिरींत गप्पी मासे सोडतात. पाणवठा यांनी उल्लेखलेला हिवतापाचा प्रश्न संपलेला नाही, त्यामुळे विहीर उघडताना हे पथ्य विसरून चालणार नाही.

---

बावखल

वसईच्या किनारपट्टीवरच्या गावातून लिहितो. मुंबईच्या टँकरची गोष्ट वसईशिवाय पूर्ण होणार नाही. आमच्या केळीच्या वाड्या आणि पानवेली ज्या पाण्यावर वाढल्या, तेच पाणी टँकरमध्ये भरून इमारतींना विकण्याचा व्यवसाय येथे उभा राहिला. एकोणीसशे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने जे आंदोलन केले, त्यामागे हिरव्या पट्ट्यातली बांधकामे आणि पाण्याचा हा उपसा, दोन्ही कारणे होती. त्या काळी शेतकऱ्यांनी जे सांगितले ते भावनेपोटी सांगितले असे काही जण म्हणत. प्रत्यक्षात त्यांच्या म्हणण्याला शास्त्राचा आधार होता.

किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्के अधिक जड असते. घायबेन आणि हर्झबर्ग या दोन अभ्यासकांच्या नावाने ओळखला जाणारा नियम असे सांगतो की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर जितके मीटर असेल, त्याच्या सुमारे चाळीस पट खोलीपर्यंत गोडे पाणी असते. नियम आदर्श परिस्थितीसाठी आहे, प्रत्येक जमिनीत तो तंतोतंत लागू पडत नाही. पण त्याचा इशारा स्पष्ट आहे. विहिरीतली पातळी उपशाने एक मीटर खाली गेली की खालचे खारे पाणी चाळीस मीटर वर चढू पाहते. विहीर आटलेली दिसतच नाही. ती भरलेलीच असते, फक्त पाणी मचूळ लागते. प्रथम चहा नासतो, मग डाळ शिजेनाशी होते, मग केळीच्या पानांच्या कडा करपतात आणि शेवटी वाडी विकायला काढावी लागते. एकदा खारे झालेले पाणी पुन्हा गोडे व्हायला अनेक पावसाळे जावे लागतात.

आमच्या पूर्वजांनी याची तजवीज बावखलांत केली होती. बावखल म्हणजे वाडीच्या कडेला खणलेले उथळ, रुंद तळे. पावसाचे पाणी त्यात उतरे, सावकाश झिरपे आणि आसपासच्या विहिरींची पातळी टिकून राही; वाडीला शिंपणेही त्यातूनच होई. काठाला भेंड, करंज अशी झाडे असत. गेल्या काही दशकांत बावखले डेब्रिज टाकून बुजवली गेली, कारण सात-बारावरची ती जमीन मोकळी दिसते आणि मोकळी जमीन विकली जाते. सूर्या प्रकल्पातून वसई-विरार आणि मिरा-भाईंदरसाठी मिळून रोज ४०३ दशलक्ष लिटर पाण्याची योजना झाली, ती आवश्यकच होती. पण नळाला पाणी आले म्हणून बावखल नको असे मानणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की खारे पाणी कोणत्याही योजनेची वाट पाहत थांबत नाही.

---

भरती

सर्वांचे लेखन अभ्यासपूर्ण आहे, तरी एक शंका विचारतो. मुंबईसारख्या शहराला रोज चार हजार दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी लागते. विहिरींचा त्यातला वाटा तो किती असणार? मनोरीचा निःक्षारीकरण प्रकल्प, गारगाई धरण आणि कोयनेचे समुद्रात वाया जाणारे अवजल, असे मोठे पर्याय समोर असताना विहिरीच्या पातळीवर एवढी शक्ती खर्च करावी का?

---

पाणवठा

भरती, आपली शंका रास्त आहे.

मनोरी येथील प्रकल्पाची पहिल्या टप्प्यातील नियोजित क्षमता रोज २०० दशलक्ष लिटरची आहे. समुद्राचे पाणी गोडे करण्यास आजच्या चांगल्या तंत्रानेही हजार लिटरमागे तीन ते चार युनिट वीज लागते, म्हणजे एवढ्या पाण्यासाठी रोज सहा ते आठ लाख युनिट. गारगाईतून ४४० दशलक्ष लिटर मिळण्याची अपेक्षा आहे, पण त्यासाठी जंगल आणि गावे पाण्याखाली जाणार आहेत. कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीत सुटणारे ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) अवजल कागदावर मुंबईच्या संपूर्ण वार्षिक गरजेहून अधिक भरते. चिपळूणपासून मुंबईपर्यंत ते आणण्याच्या खर्चाचा आणि वाटेतल्या तहानलेल्या गावांच्या हक्काचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. सडा यांच्या जिल्ह्यातून नदी वळवून मुंबईला पाणी द्यायचे आणि त्यांच्या वाड्यांना मे महिन्यात टँकर पाठवायचा, ही कल्पना मला तरी पटत नाही.

भूजल या सर्वांची जागा घेईल असा माझा दावा नाही. माझे म्हणणे असे आहे की ते आजही वापरले जातच आहे, आणि नेमके तेव्हा वापरले जात आहे जेव्हा तलाव तळाला गेलेले असतात. ज्या वर्षी पाऊस लांबतो त्या वर्षी जून महिन्याचे दोन-तीन आठवडे शहर कशावर काढणार? पिण्याव्यतिरिक्तच्या वापरासाठी प्रत्येक विभागात जिवंत विहिरी असतील तर पाणीकपातीची झळ कमी होते. त्या विहिरी मे महिन्यातच आटलेल्या किंवा खाऱ्या झालेल्या असतील तर तो आधार गेला. वाटा लहान असला तरी तो कोणत्या दिवशी उपयोगी पडतो याला महत्त्व आहे.

---

दफ्तर

कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमापासून आपल्याकडे अशी समजूत रुजली आहे की जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी त्याचे. म्हणूनच विहिरीचा मालक निर्धास्तपणे दिवसरात्र मोटर चालवतो. परंतु खडकातल्या भेगा कुंपणाच्या भिंतीपाशी संपत नाहीत. एका भूखंडावर टँकर भरले जातात तेव्हा शेजारच्या चाळीची विहीर खाली जाते, आणि त्या चाळीला नुकसानभरपाई मागण्याची सोय जुन्या कायद्यात नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९७ मध्ये पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली केंद्रीय भूजल प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार टँकरने पाणी पुरवणाऱ्यांनाही ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि उपसा मोजणारे मीटर बसवावे लागते. महाराष्ट्राचा स्वतःचा भूजल अधिनियम २००९ चा आहे आणि तो २०१४ मध्ये अमलात आला. म्हणजे नियम नाहीत असे नाही. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईतल्या विहीरमालकांना या प्रमाणपत्रांबाबत नोटिसा गेल्या, तेव्हा टँकरचालकांनी संप केला. काही दिवसांतच महापालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन टँकर आणि विहिरी ताब्यात घेण्याची तयारी करावी लागली आणि मग संप मागे घेतला गेला. त्या आठवड्यात ज्यांच्या घरी टँकर आला नाही त्यांना या पाण्यावरचे शहराचे अवलंबन कळले. माझ्या मते त्या प्रसंगातून एक काम पुढे जायला हवे होते: प्रत्येक टँकर भरणाऱ्या विहिरीवरील मीटरचा आकडा आणि पातळी दरमहा विभाग कार्यालयाच्या फलकावर लागणे. परवाना देऊन किंवा नाकारून प्रश्न सुटत नाही. किती उपसले हे शेजाऱ्याला दिसले पाहिजे.

---

स्थापत्य

बांधकाम क्षेत्रात काम करतो. येथे अद्याप न आलेले दोन मुद्दे मांडतो.

पहिला खोल तळघरांचा. वाहने ठेवण्यासाठी आता तीन-चार मजले खाली जावे लागते. खोदाई भूजल पातळीच्या खाली गेली की खड्ड्यात पाणी भरते आणि काम चालू असेपर्यंत ते पंपाने अखंड बाहेर काढावे लागते. हे पाणी पुष्कळदा स्वच्छ असते आणि ते जवळच्या गटारात सोडले जाते. समोरच्या रस्त्यावरून त्याच वेळी पाण्याचा टँकर जात असतो. प्राधिकरणाच्या नियमांत अशा उपशासाठीही परवानगी लागते, परंतु ते पाणी टाकीत घेऊन जवळच्या संस्थांना, रस्ते धुण्यास किंवा दुसऱ्या बांधकामास देण्याची व्यवस्था फारच थोड्या ठिकाणी दिसते. महापालिकेने बांधकामाच्या परवानगीतच ही अट घातली तर नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही.

दुसरा मुद्दा पुनर्भरणाच्या उत्साहाविषयी आहे. गच्ची ताईंनी केलेले काम अनुकरणीय आहे, परंतु ते सरसकट सर्वत्र करता येणार नाही. खाडी बुजवून तयार केलेल्या भरावाच्या जमिनीत पाणी आधीच हातभर खोलीवर असते आणि तेही खारे. तेथे खड्डा खणून गोडे पाणी सोडणे म्हणजे ते घालवणे होय; तेथे टाकीच बांधावी आणि पाणी साठवून वापरावे. टेकडीच्या उताराला, जेथे मुरूम जाड आहे आणि उन्हाळ्यात पातळी खोल जाते, तेथे पुनर्भरण विहीर उत्तम चालते. जेथे जुन्या मलवाहिन्या किंवा शोषखड्डे जवळ आहेत तेथे आधी त्यांची गळती तपासावी, अन्यथा आपण आपल्याच विहिरीत घाण ढकलू. अशा विहिरीचे पाणी तपासल्याशिवाय पिऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

सांडपाण्याविषयी थोडक्यात. मुंबईत सात ठिकाणी मिळून रोज सुमारे २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेच्या मलजल प्रक्रिया केंद्रांची कामे हाती घेतलेली आहेत. त्यातले पाणी बांधकाम, उद्योग आणि बागांकडे वळले, तर टँकरच्या विहिरींवरचा बराच भार आपोआप उतरेल.

---

पाणवठा

दफ्तर आणि स्थापत्य यांच्या लेखनानंतर मी माझा प्रस्ताव मांडतो. महापालिकेचा फलक लागेल तेव्हा लागेल. ज्या सदस्यांच्या आवारात विहीर आहे त्यांनी मोजणी आताच सुरू करावी. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत घेते. आपणही तेच महिने धरावेत, म्हणजे आपले आकडे सरकारी आकड्यांशेजारी ठेवता येतील.

मोजणीला यंत्र लागत नाही. पोलादी मोजपट्टीच्या टोकाला एक लहानसे वजन बांधावे आणि शेवटच्या दोन-तीन मीटरना फळ्यावर लिहायचा खडू चोळावा. पट्टी कठड्यावरून सावकाश खाली सोडावी. वजन पाण्यात बुडाल्याची चाहूल हाताला लागली की आणखी थोडी सोडून एखादा पूर्ण मीटर कठड्याच्या खुणेवर नेमका धरावा, तो आकडा लिहावा आणि पट्टी वर घ्यावी. पाणी लागले तेथपर्यंत खडू गडद झालेला असतो आणि त्याची रेघ ठळक दिसते. वरच्या आकड्यातून रेघेवरचा आकडा वजा केला की खुणेपासून पाण्यापर्यंतची खोली मिळते. मोजणी पहाटे, मोटर चालू होण्याआधी करावी, कारण उपशानंतर लगेच घेतलेला आकडा त्या दिवसाच्या वापराचा असतो, जमिनीखालच्या पातळीचा नसतो. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी त्याच वेळी पाण्यातील विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखवणारा साधा खिशातला मीटरही पाण्यात बुडवून पाहावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट आणि दुसरा स्रोत नसल्यास २,००० पर्यंत चालण्याजोगे मानले आहे. पातळी तशीच राहून हा आकडा मात्र दर मे महिन्यात वाढत असेल, तर बावखल यांनी सांगितलेली गोष्ट आपल्या दारात सुरू झाली आहे असे समजावे आणि उपसा ताबडतोब कमी करावा.

विभाग, विहीर की कूपनलिका, खोली, क्षार, आणि त्या विहिरीतून टँकर भरले जातात की नाही, एवढे पाच तपशील याच धाग्यावर लिहावेत. घराचा नेमका पत्ता लिहू नये.

---

गच्ची

आमची मोजणी या महिन्यापासून सुरू करते. एक विचारायचे होते. आमच्या विहिरीचा कठडा मागच्या दुरुस्तीत उंच केला गेला आणि पुढेही तसे होऊ शकते. मग जुने आकडे नव्या आकड्यांशी जुळणार कसे?

---

पाणवठा

ताई, कायमची खूण कठड्याच्या माथ्यावर करू नये. कठड्याच्या आतल्या बाजूला, जमिनीच्या पातळीला एक खिळा ठोकून त्याभोवती तेलरंगाने वर्तुळ काढावे आणि कठड्याच्या माथ्यापासून त्या खिळ्यापर्यंतचे अंतर वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवावे. माथ्यापासून मोजलेल्या खोलीतून ते अंतर वजा केले की जमिनीपासूनची खोली मिळते. कठडा बदलला की तेवढे अंतर पुन्हा मोजायचे. मागचे आकडे तसेच उपयोगी राहतात. वही मात्र सचिवांच्या घरी न ठेवता संस्थेच्या कार्यालयात ठेवा, कारण समिती बदलली की घरातल्या वह्या सापडत नाहीत.